नाला कोणी साफ करायचा? एका मोहल्ल्यातल्या नागरिकत्वाच्या वर्गाचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावातलं आहे. काळ २०२४ आणि २०२५. गाव, मोहल्ला आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत, काही तपशील बदलले आहेत. कायदे, मुदती आणि शुल्क मात्र आहे तसं ठेवलं आहे. मुस्लिम तरुणांबरोबर काम करणारे शिक्षक, मशिदीचे ट्रस्टी आणि कार्यकर्ते यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

मोहल्ला गावाच्या सखल भागात आहे. गवंडी, गॅरेजवाले, हातगाडीवाले, भंगारचा धंदा करणारे, थोडे शिक्षक आणि आखातात कामाला गेलेल्यांची घरं. मशिदीला लागून ट्रस्टची एक खोली आहे. संध्याकाळी तिथे अभ्यासिका चालते. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर ती सांभाळतात.

या पोरांना समाजसेवा शिकवायची गरज नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. बाहेरून येणारे प्रशिक्षक इथेच चुकतात. ते 'समाजासाठी काहीतरी करा' असं सांगायला येतात आणि ज्यांना सांगतात ती पोरं रमजानमध्ये रात्री जागून रेशनची किटं भरत असतात. ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिर याच गटाचं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गटातल्या थोरल्या मुलांनी पीपीई किट घालून मयती उचलल्या, त्यात मुसलमान नसलेल्यांच्याही होत्या. खिदमत त्यांच्या अंगात मुरलेली आहे.

पाय अडायचा तो सरकारी कचेरीच्या उंबऱ्याशी. नळाला पाणी आलं नाही, खांबावरचा दिवा गेला, दाखला अडकला, की ठरलेलं उत्तर: "साहब को बोल देते." साहेब म्हणजे प्रभागाचे नगरसेवक. ते फोन लावायचे, कधी काम व्हायचं, कधी नाही. स्वतः अर्ज लिहायचा, पोच घ्यायची, मुदत मोजायची आणि पुन्हा जायचं, ही सवय पोरांना नव्हती आणि त्यांच्या बापांनाही नव्हती. मुस्लिमबहुल वस्त्यांमध्ये नागरी सुविधा तुटपुंज्या असल्याची नोंद मुस्लिमांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच केली आहे. हा तुटवडा का टिकतो, याची कारणं बरीच. भेदभाव हे त्यातलं एक, आणि पाठपुरावा कायम मध्यस्थावर सोडून देणं हे दुसरं. पहिल्याबद्दल मोहल्ल्यात रोज बोललं जातं, दुसऱ्याबद्दल फारसं नाही.

त्यात नगरपरिषदांच्या मुदती संपल्या. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकल्याने निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले आणि साहेब 'माजी' झाले. लोक तरीही त्यांच्याच दारात जायचे. साहेब चहा पाजायचे आणि म्हणायचे, "आता आपलं कोण ऐकतंय?"

वर्ग

२०२४ च्या रमजान ईदनंतर सरांनी रविवारी असरच्या नमाजनंतर तासभराचा वर्ग सुरू केला. पंधरा ते बावीस वयाची वीसेक मुलं-मुली. मुलींची बसायची जागा वेगळी, पण खोली आणि शिकवणं एकच, एवढं ठरवायला ट्रस्टच्या दोन बैठका लागल्या.

सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेपासून झाली. मग मूलभूत हक्क, मग कलम ५१-अ मधली मूलभूत कर्तव्यं. मुलं मान डोलवायची आणि घड्याळ बघायची. बारावीतला एक जण शेवटी बोललाच, "सर, ये तो दसवीं में हो गया."

वर्गात जीव आला तो मतदार नोंदणीच्या नमुना ६ ने. सतरा वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो आणि अठरा पूर्ण झाल्याचं मोजायला आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. हे कळल्यावर मुलांनी आधी स्वतःचे अर्ज भरले. मग आया आणि खालांची कार्डं तपासायला घेतली आणि घराघरात घोळ निघाला. एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम'. 'शेख' कुठे नावाआधी, कुठे नंतर. नवऱ्याच्या नावात एक अक्षर कमी. दुरुस्तीसाठीचा नमुना ८ मुलींनी भरून द्यायला सुरुवात केली. संविधानाच्या तक्त्याने जे झालं नाही ते आईच्या नावातल्या एका अक्षराने झालं, कारण आता कागद आपला होता.

अडचण

मोहल्ला आणि शेजारची दलितबहुल वस्ती यांच्यामधून एक नाला जातो. पुढे तो रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे निघतो. मोरीला दोनच पाइप आहेत आणि त्यांच्या तोंडाशीच नळयोजनेची जलवाहिनी आडवी टाकलेली आहे. फोमचे तुकडे, थर्माकोल, पिशव्या, झाडांच्या फांद्या वाहत येतात आणि त्या जलवाहिनीला अडकतात. जोराचा पाऊस झाला की पाणी मागे फिरतं आणि दोन्ही बाजूंच्या घरांत शिरतं. जुलै २०२४ मध्ये अभ्यासिकेच्या कपाटाचा खालचा कप्पा पाण्यात गेला. स्पर्धा परीक्षेची सगळी पुस्तकं तिथेच होती.

दरवर्षी पहिल्या पावसाच्या सुमारास मोहल्ल्यातली पोरं फावडी, घमेली घेऊन मोरीत उतरायची. बायका वरून चहा द्यायच्या, कोणी व्हिडिओ काढायचं. २०२४ मध्ये एकाच्या पोटरीत पत्रा घुसून टाके पडले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके घालता घालता लेप्टोस्पायरोसिसबद्दल सुनावलं: उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी, उघडी जखम, आणि तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे.

पुढच्या रविवारी अकरावीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं, "नगरपरिषद दरवर्षी नालेसफाई करते म्हणतात. मग आपण दरवर्षी काय साफ करतो?"

पुढचं सगळं प्रकरण या प्रश्नाचं आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जुनाच: उतरा आणि साफ करा. यात कोणाची मिनतवारी नाही, काम त्याच दिवशी होतं आणि सवाब, म्हणजे पुण्यही आहे. तोटा उघड आहे. नगरपरिषदेचं काम आपण फुकट आणि जीव धोक्यात घालून केलं की नगरपरिषद मोकळी होते आणि तिच्या कागदावर ते काम तिनेच केलेलं राहतं.

दुसरा, माजी साहेबांना सांगणं. यावर फारशी चर्चा झाली नाही.

तिसरा पर्याय मोर्चा किंवा रास्ता रोको. तरुणांना हाच सगळ्यात आवडला होता आणि पालकांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती. सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश असतात. एक गुन्हा दाखल झाला की पासपोर्ट आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो वर्षानुवर्षं आडवा येतो. आखातात जायची स्वप्नं असलेल्या मोहल्ल्यात ही भीती किती खरी आहे, हे बाहेरच्या कार्यकर्त्याला पटकन कळत नाही. तो तिला भित्रेपणा म्हणून मोकळा होतो.

चौथा पर्याय ट्रस्टच्या एका सदस्याने सुचवला. अल्पसंख्याकबहुल नागरी भागात पायाभूत सुविधांसाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची क्षेत्र विकास योजना आहे, तिच्यातून नाल्याचं काम मागावं. म्हणणं चुकीचं नव्हतं, निधी मिळतोही. पण सरांनी हरकत घेतली. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्यं दिली आहेत आणि सफाई हे त्यातलं अगदी मूलभूत कर्तव्य आहे. जे काम गावातल्या प्रत्येक प्रभागात नेहमीच्या खर्चातून होतं, ते आपण खास योजनेतून का मागायचं? योजना मोरी रुंद करण्यासाठी मागू. गाळ काढणं हे रहिवासी म्हणून मागू. मला हा भेद या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. अल्पसंख्याक म्हणून जे मिळायचं ते मागावंच, पण घरपट्टी भरणारा म्हणून जे मिळायचं तेही त्याच दारातून मागायला लागलो, तर आपणच आपला प्रभाग गावाबाहेर काढून ठेवतो.

पाचवा पर्याय कागदाचा: माहिती मागवायची, निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, मुदती मोजायच्या. संथ आणि कंटाळवाणा. तोच निवडला गेला, पण सहजासहजी नाही.

निर्णयाच्या जागा

*नाल्यात उतरणं थांबवायचं का?* तरुणांनी ठरवलं की या वर्षी कचेरीत कागद गेल्याशिवाय कोणी मोरीत उतरणार नाही. बुजुर्ग चिडले. "सवाब का काम है, इसमें दरखास्त कैसी?" असा सूर मशिदीच्या ओट्यावर होता. दोन आठवडे पोरांना टोमणे ऐकावे लागले: चार बुकं शिकली आणि फावडं धरायची लाज वाटायला लागली.

कोंडी मौलानांनी फोडली. जुम्म्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, त्यांनी सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट घेतली, वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचा भाग आहे. आणि पुढे म्हणाले, दगड एकदा उचलला तर ती नेकी आहे. तो दरवर्षी त्याच जागी येऊन पडत असेल तर कोण टाकतं हे विचारणंही त्याच नेकीत येतं. त्यानंतर ओट्यावरचा सूर बदलला. सगळ्यांना पटलं असं नाही, पण टोमणे थांबले. सर अगोदर मौलानांशी बोलले होते. हे बयान आपोआप झालं नव्हतं.

*कोणाचं निवेदन?* मोहल्ल्याचं एकट्याचं द्यायचं की शेजारच्या वस्तीबरोबर? दोन्ही वस्त्यांत भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. मौलानांनी मुलांना हिल्फुल फुजूलची गोष्ट सांगितली: मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचे पैसे बुडवले गेले, तेव्हा पीडिताच्या बाजूने उभं राहायचा करार तिथल्या काही घराण्यांनी केला. पैगंबर साहेब तेव्हा तरुण होते, नबुव्वत (पैगंबरपद) यायची होती, आणि त्या करारात ते सामील होते. पुढेही त्यांनी त्या कराराची आठवण आदराने काढली. मुद्दा मुलांना लगेच कळला, कारण त्या करारातली माणसं एका धर्माची म्हणून एकत्र आलेली नव्हती.

शेजारच्या वस्तीत सह्यांसाठी गेल्यावर पहिला प्रश्न आला, "निवडणूक लागली का?" दुसरा प्रश्न बोचरा होता. समाजमंदिराच्या पायरीवर बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "तुमची पोरं उतरणार नाहीत म्हणता. मग ठेकेदार आमचीच पोरं उतरवणार ना?"

याचा विचार कोणीच केला नव्हता. ठेकेदाराचे सफाई मजूर त्याच वस्तीतले होते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे. नाल्याची मोरी त्या व्याख्येत बसते की नाही, या वादात मुलं पडली नाहीत. निवेदनात एक ओळ वाढली: मोरीचं आतलं काम यंत्रानेच व्हावं, कोणीही माणूस आत उतरवू नये. माझ्या मते सह्या मिळाल्या त्या या ओळीमुळे.

*माहिती अधिकाराच्या अर्जावर नाव कोणाचं?* अर्ज संस्थेच्या नावाने करता येत नाही, नागरिकाने स्वतःच्या नावाने करायचा असतो. कायद्यात वयाची अट नाही आणि माहिती कशासाठी हवी हे सांगायचंही बंधन नाही. उत्साही मुलं पुढे आली. एका आईने मात्र स्पष्ट नकार दिला: "मेरे बच्चे का नाम ऑफिस में नको." शेवटी अर्ज सरांच्या नावाने गेला आणि मजकूर मुलांनी लिहिला. शिकण्याच्या दृष्टीने ही तडजोड होती. तरी घरच्यांची संमती नसताना अल्पवयीन मुलाचं नाव पुढे करणं बरोबर झालं नसतं.

*मुलींनी काय करायचं?* ट्रस्टींना वाटलं, मुली कागद लिहितील, मुलं कचेरीत जातील. प्रत्यक्षात पाहणीची वेळ आली तेव्हा दुपारी घरात बायकाच होत्या आणि पोरांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं. दोन्ही वस्त्यांतली घरोघरची पाहणी मुलींनीच केली. भिंतीवर पाण्याची ओल कुठपर्यंत चढली, किती दिवस चूल पेटली नाही, कोणाचं रेशनचं धान्य भिजलं, कोणाची शाळा किती बुडाली. वही दोनशेपानी होती, भरत आली.

कृती

जानेवारी २०२५ मध्ये माहितीचा अर्ज गेला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. मुलांचा पहिला मसुदा दोन पानी होता, त्यात अन्यायाचा इतिहास होता. सरांनी तो वर्गात छाटायला लावला. राहिलं ते एवढं: गेल्या दोन वर्षांत अमुक नाल्याच्या सफाईचे कार्यादेश, देयकं आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीच्या) नोंदींच्या प्रती. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

तीस दिवस उलटले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं. सुनावणी रमजानात, भर दुपारी लागली. सरांबरोबर दोन मुलं आणि तो प्रश्न विचारणारी मुलगी गेली. अपिलीय अधिकाऱ्यांनी माहिती विनामूल्य द्यायला सांगितलं. कायद्यातच तशी तरतूद आहे: मुदतीत माहिती दिली नाही तर पुढे शुल्क घेता येत नाही. एवढ्याशा विजयावर पोरं त्या दिवशी इफ्तारपर्यंत बोलत होती.

ईदनंतर कागद हातात आले. मोजमाप पुस्तिकेत नाल्याची लांबी मोरीसकट धरलेली होती, काम जेसीबीने केल्याची नोंद होती. मोरीच्या आत जेसीबीचा हात पोचत नाही, हे मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

इथे वर्गात जोरदार वाद झाला. काहींचं म्हणणं, नोंदीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, पत्रकाराला द्या, तक्रार करा. सरांचं म्हणणं, आता एप्रिल आहे. तक्रार केली की चौकशी, खुलासे, आणि पावसाळा निघून जाईल. हीच नोंद घेऊन स्थळपाहणी मागू. मतं घेतली, थोडक्या फरकाने स्थळपाहणी जिंकली.

मग निवेदन द्यायचा दिवस. आवक-जावकच्या खिडकीवरचे बाबू मान वर न करता म्हणाले, "ठेवून जा."

मुलगी म्हणाली, "दुसऱ्या प्रतीवर पोच हवी."

"कशाला? साहेबांपर्यंत जातंच."

"तरी शिक्का आणि आवक क्रमांक द्या. आम्हाला वर्गात दाखवायचं आहे."

बाबूंनी तिच्याकडे पाहिलं, हसले, शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि खाली तारखेसह सही केली. ती प्रत आता अभ्यासिकेत लॅमिनेट करून लावलेली आहे. संविधानाचा तक्ता तिच्या शेजारी आहे.

स्थळपाहणीला कनिष्ठ अभियंता आले. मुलांनी भिंतींवर पाण्याच्या रेघा खडूने आखून ठेवल्या होत्या, मुलींची वही तयार होती. अभियंत्यांनी जलवाहिनी पाहिली आणि म्हणाले, ही हलवायला अंदाजपत्रक लागेल, या वर्षी होणार नाही. मोरीत जेटिंग मशीन लावतो, दोन्ही तोंडांशी पोकलेन देतो. मग नाल्यातला फोमचा ढीग दाखवून त्यांनी विचारलं, "आणि हे कोणाचं?"

ते मोहल्ल्यातल्याच भंगार गोदामांचं होतं. तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे नाल्यात कचरा टाकायला मनाई होती. हेही वर्गात शिकवलेलं होतं, फक्त तोवर कोणी ते आपल्या चाचांना ऐकवलं नव्हतं. अभियंत्याशी बोलताना न अडखळलेल्या पोरांची इथे बोबडी वळली. गोदामवाले मशिदीला सगळ्यात जास्त चंदा देणारे. शेवटी ट्रस्टचे सदर (अध्यक्ष) स्वतः दोघा मुलांना घेऊन गोदामांवर गेले. बहुतेकांनी नाल्याच्या बाजूने जाळी मारून घेतली. एकाने "पहले म्युनिसिपालटी को सिखाओ" म्हणून हात झटकले. त्याचं गोदाम आजही उघडंच आहे.

निष्पत्ती

मेच्या मध्याला जेटिंग मशीन आलं. मोरीतून निघालेला गाळ काठावर टाकला, तो उचलायला गाडी येणार होती. त्या वर्षी पावसाने कोणाचंच वेळापत्रक जुमानलं नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला आणि मराठवाड्यात त्याआधीही अवकाळी झोडपत होता. काठावरचा निम्मा गाळ परत नाल्यात गेला. तरी मोरी मोकळी होती. जूनमध्ये पाणी रस्त्यावर आलं, घरांत शिरलं नाही. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला तेव्हा मात्र सखल घरांत पाणी गेलंच. तेवढ्या पावसापुढे मोकळी मोरीही पुरी पडत नाही. 'आमच्या अर्जाने पूर थांबला' असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये गटाने नदीकाठच्या गावांत मदत नेली. किटं तीच, टेम्पो तोच. फरक एवढाच की या वेळी किट देताना मुलं विचारत होती, "पंचनामा झाला का? यादीत नाव आलं का? तलाठ्याकडे अर्ज दिलाय का, पोच आहे का?" ज्यांचे कागद वाहून गेले होते त्यांचे अर्ज एका मुलाने शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहून दिले. हे कोणी ठरवून दिलं नव्हतं. वर्गाचा परिणाम मोजायचा झालाच तर मी मोकळ्या मोरीपेक्षा या व्हरांड्यातल्या टेबलाकडे बोट दाखवीन.

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान झालं. प्रचारात एका उमेदवाराच्या पत्रकावर नालेसफाईचा फोटो झळकला, त्यात गटातली मुलं होती. विचारलं कोणीच नव्हतं. मुलांनी लेखी कळवलं की आम्ही कोणाचे नाही. माजी साहेबांनी तोवर हे काम आपल्याच फोनवर झाल्याचं सांगायला सुरुवात केली होती. त्यांना कोणी काही कळवलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोजमाप पुस्तिकेतली नोंद तशीच राहिली. आधी काम, मग तक्रार, हा क्रम समजण्यासारखा आहे, पण तक्रार नंतरही झाली नाही. नाला मोकळा झाल्यावर कोणाला त्यात रस उरला नाही. मला वाटतं, स्थळपाहणीच्या मागणीतच 'नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती यात तफावत दिसते, खुलासा व्हावा' असं एक वाक्य घालता आलं असतं. त्यात भांडण नव्हतं आणि विषय लेखी जिवंत राहिला असता. 'काम झालं ना, मग सोडा' हीच तर मध्यस्थाच्या काळातली सवय होती.

शेजारच्या वस्तीकडे सह्यांच्या टप्प्यावर जाणं उशिराचं होतं. तोवर प्रश्न, अर्ज, मसुदा सगळं मोहल्ल्यात ठरलेलं होतं. मावशींनी विचारलं म्हणून ती ओळ आली. त्या गप्प बसल्या असत्या तर एका वस्तीची सुटका दुसऱ्या वस्तीच्या पोरांच्या जिवावर झाली असती. त्या वस्तीतली चार मुलं पहिल्या रविवारपासून वर्गात असती तर वर्ग मशिदीच्या खोलीत बसला नसता, हेही खरं. ट्रस्टची खोली फुकट होती, सुरक्षित होती, मुलींना घरून परवानगी मिळाली ती तिच्यामुळेच. हा पेच अजून सुटलेला नाही. सध्या एक रविवार खोलीत आणि एक समाजमंदिरात असा प्रयोग चालू आहे. समाजमंदिराच्या रविवारी मुलींची हजेरी निम्म्यावर येते.

गोदामांचा विषय अभियंत्याने काढायच्या आधी वर्गाने काढायला हवा होता. पाहणीच्या वहीत पाण्याच्या रेघा होत्या, पण कचरा कुठून येतो हा रकाना नव्हता. नव्या वहीत तो घातला आहे.

एक गोष्ट मात्र मी बदलली नसती: मौलाना आणि सदर यांना सुरुवातीपासून बरोबर घेणं. काही कार्यकर्ते म्हणतात की नागरिकत्वाचं शिक्षण मशिदीपासून लांब ठेवावं. तत्त्व म्हणून ते ठीक असेल. या मोहल्ल्यात जुम्म्याच्या त्या बयानाशिवाय पोरं टोमण्यांपुढे टिकली नसती आणि सदर पुढे झाल्याशिवाय गोदामांना जाळी लागली नसती. अट एकच, कचेरीत दिलेल्या कोणत्याही कागदावर ट्रस्टचं लेटरहेड नको. ती सरांनी पहिल्यापासून पाळली.

आता गटात नवा वाद आहे. संस्था नोंदवायची का? १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली नोंदणी, किमान सात सभासद, दरवर्षीचे हिशेब. थोरल्यांना ती हवी आहे, निधी मागता येईल म्हणून. धाकट्यांचं म्हणणं, अर्ज करायला संस्था लागतच नाही. जलवाहिनी हलवण्याच्या अंदाजपत्रकाचं काय झालं, हे विचारणारा पुढचा माहितीचा अर्ज त्यांनी लिहूनही टाकला आहे. या वेळी खाली नाव त्या मुलीचं आहे. ती अठराची झाली.